कोकणातल्या जुन्या घराची दुरुस्ती : रंगाचा डबा उघडण्याआधीची कामे, क्रमाने

नवीन बंगला बांधायचा म्हटले की आर्किटेक्ट येतो, नकाशा होतो, अंदाजपत्रक होते, स्टॅम्पपेपरवर करार होतो. त्याच वाडीतल्या जुन्या घराच्या दुरुस्तीला मात्र एक गवंडी, दोन बिगारी आणि मुंबईहून फोनवर दिलेला शब्द पुरतो. दुरुस्ती म्हणजे किरकोळ काम, हा समज घरमालकाचा असतो, कंत्राटदाराचा असतो आणि बऱ्याच इंजिनिअरांचाही असतो. दोन पावसाळ्यांत गिलावा फुगतो, स्लॅबचे पापुद्रे पडतात आणि मग ‘पाडून नवीनच बांधा’ असा सल्ला मिळतो. पाडण्याजोगी नसलेली किती तरी घरे अशी पाडली जात आहेत.

चूक बहुतेक वेळा एकच असते : कामाचा क्रम उलटा लागतो. आधी भिंती चकचकीत होतात, छपराचे पुढच्या वर्षी बघू म्हणतात. बरोबर क्रम असा : आधी पाणी, मग भार पेलणारे भाग, मग भिंती, सगळ्यात शेवटी रंग. आणि या सगळ्याच्या आधी पाहणी आणि कागद. खालचे टप्पे चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) कौलारू घराला आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या स्लॅबच्या घराला, दोन्हींना लागू आहेत. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

टप्पा १ : पाहणी भर पावसात करा

घर बघायला लोक मे महिन्यात येतात. तेव्हा भिंती कोरड्या असतात आणि दोष लपलेले असतात. पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये करा. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. घराची खरी परीक्षा तेव्हाच होते.

घराचा हाताने काढलेला साधा आराखडा घ्या, प्रत्येक खोलीला क्रमांक द्या. मग ओल कुठे आहे ती त्यावर उतरवा आणि तिची जातही लिहा. वरून खाली येणारी ओल छपराची किंवा स्लॅबची. जमिनीपासून दोन-तीन फूट चढलेली, लोणा (पांढरे क्षार) लागलेली ओल जोत्यातून आलेली. पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीवर मधोमध पसरलेली ओल ही झडीची. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातली ओल चौकटीच्या फटीतून आलेली. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. सगळ्यांवर एकच ‘वॉटरप्रूफ’ रंग मारणे हा उपाय नाही.

ओल भिंतीतली आहे की खोलीतल्या दमट हवेची, हे ओळखायला फूटभर प्लॅस्टिक चारही कडांनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येते आहे, बाहेरच्या बाजूला आले तर हवेतले.

भेगांचेही तसेच. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख घाला, मधोमध काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवा. काच फुटली किंवा भेग रेघेपुढे सरकली तर ती अजून वाढते आहे. वाढती भेग भरून उपयोग नसतो, आधी तिचे कारण शोधावे लागते. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग बहुधा पाया खचल्याची असते. तुळईच्या खाली सळईच्या रेषेत लांबच लांब धावणारी भेग गंजाची.

तपासा : छपरात चढून प्रत्येक वाशाचे आणि तुळईचे भिंतीत शिरलेले टोक पाहिले का? लाकूड मधे ठणठणीत दिसते आणि कुजते टोकाला. पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर ते टोक गेले.

टप्पा २ : कागद आणि परवानग्या

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि असेल तर जुना मंजूर नकाशा एकत्र करा. अनेक घरांचा उतारा अजून आजोबांच्या नावावर असतो आणि सहहिस्सेदार पाच ठिकाणी विखुरलेले. त्यांची लेखी संमती आताच घ्या, छप्पर उतरवल्यावर हरकत आली तर घर उघडे राहते.

किनाऱ्याजवळ किंवा खाडीकाठी घर असेल तर सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम) बघावे लागते. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागातल्या ना-विकास पट्ट्यातही अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचे क्षेत्र, चटईक्षेत्र आणि घनता वाढवता येत नाही. म्हणजे ‘दुरुस्तीच चालली आहे तर पुढे एक खोली काढू’ हे तिथे चालणार नाही. आतला रंग, गिलावा, फरशी ही कामे आणि खांब, तुळया, स्लॅब, छपराची उंची यांना हात लावणारी कामे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात काम सुरू होण्याआधी ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत लेखी विचारा आणि पोच घ्या.

रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी अशा गावांतल्या गृहनिर्माण संस्थांसाठी एक नोंद. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची रचना-तपासणी ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची ३ वर्षांतून एकदा करून घ्यायची असते. ती न करता थेट बाहेरून रंग काढायला निघालेल्या संस्थेने आधी तपासणीचा ठराव करावा.

टप्पा ३ : स्लॅबच्या घराच्या चाचण्या

खाऱ्या हवेत काँक्रीटचे दुखणे आतल्या सळईपासून सुरू होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, काँक्रीट आतून फोडतो आणि मग पापुद्रा पडतो. पापुद्रा दिसतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यातून आपल्याकडच्या अनेक जुन्या स्लॅबमध्ये खाडीची वाळू न धुता वापरलेली आहे, म्हणजे मीठ बाहेरून यायचीही गरज नाही.

रचना-अभियंत्याकडून निदान एवढे करून घ्या :

हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या जागा आराखड्यावर उतरवणे. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी.

ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा. गुलाबी झाले तर काँक्रीटचा अल्कधर्म शाबूत आहे. रंग आला नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत सळईचे संरक्षण संपले आहे.

आवरणाची, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराची जाडी. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटला सळईवर ४५ मिलिमीटर आवरण हवे, समुद्राचे तुषार थेट येत असतील तर ५०. जुन्या घरांत ते १५-२० सुद्धा सापडते.

क्लोराइडचे प्रमाण. सळईच्या काँक्रीटमध्ये ते घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त नसावे. ही चाचणी लोक खर्चाच्या नावाखाली गाळतात आणि नेमकी तीच ठरवते की ठिगळ टिकेल की नाही.

सावधान : नुसत्या रिबाउंड हॅमरच्या (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यांवर ‘स्लॅब चांगला आहे’ असा दाखला स्वीकारू नका. तो हॅमर वरच्या थराची कठीणता सांगतो. आतला गंज त्याला कळत नाही.

टप्पा ४ : अंदाजपत्रक आणि करार

दुरुस्तीला मान मिळायचा असेल तर तो इथून मिळेल, म्हणून या टप्प्यावर जरा थांबतो.

काम देण्याच्या आपल्याकडे दोन रूढ पद्धती आहेत : हजेरीवर आणि अंगावर. हजेरीवर दिले की काम लांबते. अंगावर, एकाच ठोक रकमेत दिले की जे झाकले जाणार त्यात काटछाट होते, कारण गिलाव्याआड सळई घासली की नाही हे मालकाला दिसत नाही. दुरुस्तीसाठी तिसरी पद्धत धरा : प्रत्येक बाबीचा दर ठरवायचा आणि प्रत्यक्ष मोजून पैसे द्यायचे. खराब काँक्रीट काढणे चौरस फुटावर, सळई बदलणे किलोवर, वासा बदलणे फुटावर, चिरा बदलणे नगावर, दरजा (चिऱ्यांमधले सांधे) भरणे चौरस फुटावर. मोजमापवही जागेवर ठेवा, दर आठवड्याला दोघांच्या सह्या.

फोडल्यावर काम वाढते. हे गृहीत धरून अंदाजपत्रकात १५ ते २० टक्के रक्कम वेगळी दाखवा आणि ती लेखी मान्यतेशिवाय खर्च करायची नाही असे लिहा.

करारात ‘झाकण्याआधी थांबा’ अशा जागा नेमून घ्या. सळया साफ झाल्या की थांबा. सळईला लेप लागला की थांबा. तुळईचे टोक बसले की थांबा. प्रत्येक ठिकाणी अभियंता बघेल किंवा तारखेसह फोटो जाईल, मगच पुढचा थर. मालक मुंबईत असेल तर हे कलम सगळ्यात महत्त्वाचे. एकूण रकमेच्या १० टक्के रक्कम पुढचा पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवा आणि ती कधी, कोणत्या अटीवर सुटेल हेही लिहा. मोघम राखलेले पैसे भांडणाचे मूळ होतात.

कंत्राटदारांना एक कळकळीचे सांगणे : पाहणी फुकट करू नका. पाहणीचे पैसे घ्या आणि त्याबदल्यात फोटो, आराखडा, बाबवार यादी असलेला लेखी अहवाल द्या. काम नाही मिळाले तरी अहवाल मालकाच्या हातात राहतो. फुकट पाहणी म्हणजे दोन मिनिटांची नजर, आणि मालकही तिची किंमत तेवढीच धरतो. प्रत्येक कामाची आधीची-नंतरची नोंद ठेवा. रत्नागिरी आणि मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनांतून स्थापत्यची मुले बाहेर पडतात. त्यांना नवीन इमारतीच्या पायाइतकेच जुन्या स्लॅबच्या कामावर उभे करा. चार हंगामांनी तुमच्याकडे दुरुस्ती जाणणारा माणूस तयार असेल, आज तोच मिळत नाही.

टप्पा ५ : वेळापत्रक

ऑक्टोबर-नोव्हेंबर : भिंती वाळू द्या, लाकूड आणि माल मागवा. डिसेंबर ते फेब्रुवारी : टेकू, काँक्रीट, तुळया. फेब्रुवारी ते एप्रिल : छप्पर, चिरा, गिलावा. मेच्या मध्यापर्यंत सगळे बंद, कारण वळिवाचा भरवसा नसतो. शिमग्याला कामगार आपापल्या गावी जातात आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या बागांत मजुरी जास्त मिळते. त्या आठवड्यांत छप्पर उघडे पडेल असे काम लावू नका.

क्रमाने बोलायचे तर इथे एक अडचण आहे. पाणी आधी म्हटले, पण तुळई कुजली असेल तर तिच्यावर नवे छप्पर चढवता येत नाही. अशा वेळी कौले उतरवून ताडपत्रीचे पक्के तात्पुरते आच्छादन करा, तुळया-वासे बदला आणि मग कौले चढवा. आच्छादनाचा खर्च अंदाजपत्रकात धरा.

टप्पा ६ : फोडण्याआधीची सुरक्षा

खराब तुळई किंवा स्लॅब फोडण्याआधी खाली लोखंडी टेकू लावा, आणि ते थेट जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजेत. वरच्या मजल्याची तुळई खालच्या मजल्याच्या दुबळ्या स्लॅबवर टेकवू नका. जुन्या वायरिंगचा मुख्य पुरवठा बंद करून तात्पुरती वेगळी लाइन घ्या. पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडू किंवा कापू नका, पाणी मारून अखंड उतरवा, मास्क लावा.

सावधान : चिऱ्याच्या घरात जवळजवळ प्रत्येक भिंत भार पेलते. ओटी आणि माजघर एक करून ‘हॉल’ करायचा म्हणून मधली भिंत काढणे हे अभियंत्याच्या आकडेमोडीशिवाय करू नका. तसेच हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, हे ती माडीवर चढवण्याआधी लक्षात घ्या.

टप्पा ७ : पाणी अडवा

कौलारू छपरात कौले उतरवून घासून घ्या, तडकलेली बाजूला करा, रीपा तपासा, मग खालून वर चढवत जा. जुन्या आणि नव्या कौलांची खाच जुळत नसेल तर एका पाखावर (छपराच्या एका उतारावर) दोन्ही मिसळू नका. जुनी चांगली कौले एका पाखाला, नवी दुसऱ्याला.

कौले काढून पत्रे घालायचे ठरले असेल तर वाऱ्याचा विचार आधी करा. मंगलोरी कौलांच्या छपराचे वजन चौरस मीटरला ४० किलोंच्या आसपास, पत्र्याचे जेमतेम ५ किलो. जुने छप्पर बरेचसे स्वतःच्या वजनाने बसलेले होते. तेच वासे, तेच खिळे ठेवून वर हलका पत्रा घातला की वारा सगळा सांगाडाच उचलतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात पत्र्याची छपरे उडताना सगळ्यांनी पाहिली. म्हणून पत्रा रीपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या पाटाला आणि पाट भिंतीत खोल गेलेल्या बोल्टने बांधलेला हवा. ही साखळी कुठेही तुटता कामा नये. वळचणीला आणि कोपऱ्यांना स्क्रू दाट, सगळे गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस.

स्लॅबवर शेड करायची असेल तर खांबांच्या बुंध्याचे उंचवटे आधी बांधा, वॉटरप्रूफिंग त्यांच्यावर वळवून घ्या. आधी वॉटरप्रूफिंग करून मग त्यात बोल्टसाठी भोके पाडलेली घरे प्रत्येक गावात आहेत.

आता जमिनीकडे. अंगणात काँक्रीट किंवा पेव्हर घालून घालून पातळी जोत्याच्या माथ्याजवळ आणणे ही आज कोकणातली सर्रास चूक आहे. पाणी भिंतीला टेकते, पागोळ्यांचे शिंतोडे थेट चिऱ्यावर उडतात आणि लोणा चढतो. अंगणाची पातळी जोत्यापासून निदान हातभर खाली ठेवा, भिंतीपासून बाहेर मीटरला दोन-तीन सेंटिमीटर उतार द्या. पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात खडी भरा आणि बाहेरून गटार काढा. केवळ एवढ्यानेच बऱ्याच भिंती एका वर्षात सुकतात.

तपासा : स्लॅबवर दोन इंच पाणी ४८ तास कोंडून ठेवा आणि खालून बघा. टेकू असताना ही चाचणी करू नका. भार पेलण्याचे काम पुरे झाल्यावरच करा.

टप्पा ८ : भार पेलणारे भाग

काँक्रीटमध्ये पोकळ भाग हलक्या ब्रेकरने काढा आणि सळईच्या मागे २०-२५ मिलिमीटर जागा मोकळी करा. समोरचा गंज घासून मागचा तसाच ठेवला तर तो पुन्हा फोडतो. ठिगळाच्या कडा कटरने सरळ कापा, पातळ निमुळत्या कडा सुटतात. गोड्या पाण्याने धुवा. खाडीजवळच्या विहिरीचे मचूळ पाणी धुण्यालाही नको आणि माल कालवायलाही नको.

सळई चकाकेपर्यंत घासली की व्हर्नियरने (जाडी अचूक मोजणाऱ्या मापाने) मोजा. १२ मिलिमीटरची सळई १०.८ वर आली असेल तर दिसायला फरक थोडा, पण क्षेत्रफळ १९ टक्के घटलेले असते. अशा ठिकाणी जोडसळई किती आणि किती लांबीची हे अभियंता ठरवेल, मिस्त्री नव्हे. खाऱ्या हवेत घासलेली सळई काही तासांत पुन्हा तांबूस होते, म्हणून सकाळी घासलेल्या सळईला त्याच दिवशी गंजरोधक लेप. मग जोडलेप (जुने-नवे काँक्रीट जोडणारा थर) आणि तो ओला असतानाच पॉलिमरचा मसाला किंवा मायक्रोकाँक्रीट.

क्लोराइड जास्त निघाले असेल तर फक्त पडलेला भाग दुरुस्त करून चालत नाही. नव्या ठिगळातली सळई सुरक्षित होते आणि ठिगळाच्या कडेची जुन्या काँक्रीटमधली सळई आधीपेक्षा वेगाने गंजू लागते. दोन वर्षांनी ठिगळाभोवती कडे पडते आणि माणसे मसाल्याला दोष देतात. तिथे ठिगळाचे क्षेत्र वाढवायचे की जस्ताचे ॲनोड (सळईऐवजी स्वतः झिजून तिला वाचवणारे तुकडे) बसवायचे, हे टप्पा ३ मधल्या आकड्यांवर ठरते.

पाणी मारणे : काँक्रीटची नवी जोडणी साध्या सिमेंटची असेल तर निदान ७ दिवस, आजकालच्या पीपीसीची (राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटची) असेल तर १० दिवस, ओल्या गोणपाटाखाली. तयार पॉलिमर मसाल्याला पिशवीवर लिहिले असेल तसे.

लाकडात कुजलेले टोक कापून नवे पक्क्या लाकडाचे टोक बोल्टांनी जोडता येते, अख्खी तुळई टाकायची गरज क्वचितच पडते. नव्या टोकाला बोरॅक्स-बोरिकचे द्रावण पाजा, खाली दगडाची बैठक द्या आणि भोवती बोटभर हवा खेळती ठेवा. टोक सिमेंटने गच्च लिंपले की ओल आत कोंडते आणि कुजणे पुन्हा सुरू होते.

टप्पा ९ : चिऱ्याच्या भिंती

जांभा सच्छिद्र आहे. तो पाणी घेतो आणि उन्हात सोडतो. त्यावर सिमेंटचा कडक गिलावा किंवा ऑइल पेंट चढवला की पाणी घेणे थांबत नाही, सोडणे मात्र थांबते. म्हणून खिळखिळा सिमेंट गिलावा काढा आणि भिंत निदान एक कोरडा हंगाम उघडी ठेवा. लोणा सुक्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतलात तर मीठ परत आत जाते.

दरजा भरताना जुना भुसभुशीत मसाला २०-२५ मिलिमीटर खोल कोरा, पाणी शिंपडा आणि एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू अशा मसाल्याने दाबून भरा. चुनकळी निदान दोन आठवडे भिजलेली हवी. नवे दरजे आठवडाभर ओलसर ठेवा आणि थेट उन्हापासून झाका. मसाला चिऱ्यापेक्षा कठीण झाला तर दरज टिकते आणि चिरा झिजतो, हे गवंड्याला समजावून सांगा. सिमेंटची सवय झालेला हात चुन्याला घाई करतो.

झिजलेला चिरा बदलताना शेजारचे दोन एका वेळी काढू नका. एक काढा, नवा बसवा, मसाला धरू द्या, मग एक सोडून पुढचा घ्या.

टप्पा १० : रंग

इथे फार सांगण्यासारखे नाही. भिंत प्लॅस्टिकच्या चाचणीत कोरडी निघाली तरच रंग. चिऱ्यावर चुना किंवा ओल बाहेर सोडणारा रंग. गणपतीच्या आदल्या पंधरवड्यात, भर पावसात रंग काढण्याची आपली हौस मात्र सोडायला हवी. त्या ओल्या भिंतीवरचा रंग दिवाळीला फुगतो. गणपतीसाठी फक्त मखराची खोली आतून चुन्याने पांढरी करा, बाकीचे मार्चमध्ये.

टप्पा ११ : पहिला पावसाळा

काम संपल्यावर कंत्राटदाराने एक फाइल द्यावी : टप्पा १ चा आराखडा, चाचण्यांचे अहवाल, झाकण्याआधीचे फोटो, मोजमापवहीची प्रत, वापरलेल्या मालाची नावे आणि बॅच. पहिल्या जोरदार सरीनंतर, जुलैच्या मध्यात आणि सप्टेंबरच्या शेवटी अशा तीन वेळा तोच आराखडा हातात घेऊन त्याच खोल्या पुन्हा फिरा. जुन्या खुणांच्या जागी ओल दिसली तर तारखेसह फोटो काढून लगेच लेखी कळवा, पण भर पावसात फोडाफोडी करू नका. ताडपत्री लावा आणि ऑक्टोबरची वाट बघा. सगळे कोरडे असेल तर राखलेले १० टक्के ठरलेल्या तारखेला द्या, मागायची वेळ आणू नका. फाइलची एक प्रत मुंबईला नेलीत तरी दुसरी गावात, घराची किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्याकडे ठेवा.